खंगलेला कॉर्न स्नेक: आधी ऊब, मग पाणी, जेवण सगळ्यात शेवटी

जानेवारीतल्या एका संध्याकाळी केशर नावाची कॉर्न स्नेक जातीची सापीण आमच्या घरी आली, तेव्हा तिची लांबी ११८ सेंटिमीटर होती आणि वजन फक्त २६५ ग्रॅम. एवढ्या लांबीच्या मादीचं वजन साडेचारशेच्या आसपास तरी हवं. भाडेकरू घर सोडून गेले, काचेची टाकी मागेच राहिली, वीज तोडली गेली, आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या थंडीत ती किती आठवडे तशीच पडून होती, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. टाकून दिलेले सरपटणारे प्राणी बरे होईपर्यंत घरी सांभाळणारा आमचा एक छोटा गट आहे, त्यातून ती माझ्याकडे आली.

आई तेव्हा पुण्याहून आली होती. तिने लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "अगं, किती वाळलीय ती! आधी काहीतरी खायला घाल तिला."

आपल्या घरांत हेच पहिलं सुचतं, आणि ते मायेतूनच सुचतं. पण उपासमारीतून आलेला साप दगावण्याचं एक मोठं कारण म्हणजे पहिल्याच दिवशी त्याच्या पुढ्यात टाकलेला मोठा उंदीर. असं का होतं ते कळलं, की पुढची सगळी सेवा आपोआप नीट होते. म्हणून हा लेख.

थोडी ओळख करून देते. कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. शास्त्रीय नाव पॅन्थेरोफिस गट्टाटस. न्यू जर्सीतल्या पाइनच्या जंगलांपासून खाली फ्लोरिडापर्यंत तो रानात सापडतो. मक्याच्या कोठारांत उंदरांमागे फिरायचा म्हणून हे नाव पडलं, असं काही जण सांगतात. काहींच्या मते पोटावरची काळी-पांढरी चौकट रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून. आपल्याकडचा तस्कर त्याचा दूरचा नातेवाईक. पूर्वी शास्त्रज्ञ दोघांनाही इलाफे या एकाच प्रजातीत ठेवत. स्वभाव शांत, आकार आटोपशीर आणि पाळीव अवस्थेत १५ ते २० वर्षं आयुष्य, त्यामुळे अमेरिका-ब्रिटनमध्ये तो घरोघरी दिसतो आणि सोडून दिलेलाही तितकाच सापडतो. केशर पिवळ्या-केशरी रंगाची, लाल डोळ्यांची, म्हणजे पैदास केंद्रात जन्मलेली. अशा सापाला रानात सोडणं हा पर्याय नसतो.

भारतातल्या वाचकांसाठी इथेच एक गोष्ट स्पष्ट करते. आपले देशी साप घरी पाळणं किंवा घरी उपचारासाठी ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. अंगणात जखमी धामण दिसली तर महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पुढे लिहिलेलं सगळं पाळीव कॉर्न स्नेकबद्दल आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. साप उपाशी राहतो म्हणजे नेमकं काय होतं?

साप उपवासात तरबेज असतात. अर्कान्सास विद्यापीठातल्या मार्शल मॅक्यू यांनी २००७ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. रॅट स्नेक, बॉल पायथन आणि रॅटलस्नेक अशा तीन जातींच्या सापांना सुमारे सहा महिने अन्नावाचून ठेवलं होतं. काही सापांनी आपला चयापचय जास्तीत जास्त ७२ टक्क्यांनी कमी केला, आणि त्या काळात ते लांबीने चक्क वाढलेही. रॅट स्नेक हा कॉर्न स्नेकचा अगदी जवळचा भाऊ. म्हणजे आठवडे-महिने अन्न न मिळणं हे या शरीराला नवीन नाही. दिवा मंद करून ते वाट बघत बसतं. आधी चरबी जळते. ती संपत आली की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खाऊ लागतं, आणि पाठीचा कणा वर दिसू लागतो.

निरोगी कॉर्न स्नेक मधून कापला अशी कल्पना केली तर तो पावाच्या लादीसारखा दिसेल: खाली सपाट, वर गोलसर. खंगलेला साप त्रिकोणी दिसतो. केशरच्या पाठीवरून बोट फिरवलं की मणके एकेक करून मोजता येत होते. तिची कातडी चिमटीत धरली तर सुरकुती तशीच उभी राहायची, आणि डोळे आत गेले होते. पहिलं लक्षण उपासमारीचं. नंतरची दोन्ही तहानेची, आणि मला जास्त भीती त्यांचीच वाटली.

पण पाण्याच्याही आधी ऊब. साप स्वतःची उष्णता तयार करत नाही, ती बाहेरून घेतो. शरीर थंड असेल तर आतडी हलत नाहीत, पाचकरस कामाला लागत नाहीत, रोगाशी लढणाऱ्या पेशी सुस्त राहतात आणि टोचलेलं औषधही नीट पसरत नाही. थंड सापाला उंदीर भरवला तर तो पोटात पचण्याऐवजी कुजतो. म्हणून टाकीची एक बाजू २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि दुसरी २२ ते २४ अंश ठेवायची. दोन्हीकडे लपायला जागा द्यायची आणि कुठे बसायचं ते सापाला ठरवू द्यायचं. गारठलेल्या सापाला एकदम तापवायचं मात्र नाही. मी केशरला पहिले काही तास घरातल्याच तापमानात ठेवलं आणि मग हळूहळू हीट मॅट, म्हणजे टाकीखालची विजेवर तापणारी चटई, सुरू केली.

थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप आटोक्यात ठेवणारं उपकरण, नसलेली हीट मॅट वापरू नका. पोटाखालची जागा भाजण्याइतकी तापली तरी साप तिथून वेळेत हलेलच असं नाही. अशा भाजलेल्या जखमा भरायला महिने लागतात.

टाकीत मी काहीही सजावट केली नाही. खाली साधा पांढरा किचन पेपर, लपायला दोन खोकी आणि पाण्याचं जड भांडं. दिसायला ते उदास वाटतं, पण पांढऱ्या कागदावर सगळं दिसतं: विष्ठा कशी आहे, रक्त आहे का, आणि काळे ठिपके चालतायत का. हे ठिपके म्हणजे सापांवरचे माइट्स. गोचिडासारखे रक्त पिणारे, पण खसखशीच्या दाण्याएवढे. ते हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेला आणि खवल्यांच्या फटींत बसतात. पाण्याच्या भांड्यात बुडालेले काळे कण हा त्यांचा पहिला पुरावा. ते अंडी सापावर घालत नाहीत, टाकीच्या सांदीकोपऱ्यांत घालतात. म्हणून नुसता साप स्वच्छ करून भागत नाही. रोज कागद बदलणं, टाकी धुणं आणि पशुवैद्याने दिलेलं औषध पुन्हा पुन्हा लावणं, हे काही आठवडे चालतं. कुत्र्यामांजराचं पिसवांचं औषध स्वतःच्या मनाने सापावर मारू नका. मात्रा चुकली तर माइट्सबरोबर सापही जातो.

आता पाणी. या टप्प्याबद्दल सविस्तर सांगते, कारण जेवणाची घाई का करायची नाही याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आपण प्रथिनं खातो तेव्हा उरलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात लघवीतून जातो. साप पाणी वाचवण्यासाठी तोच नायट्रोजन युरिक ॲसिडच्या रूपात टाकतो. विष्ठेसोबत खडूसारखा पांढरा भाग दिसतो तो हाच. शरीरात पुरेसं पाणी असेल तर तो बाहेर जातो. पाणी नसेल तर युरिक ॲसिडचे खडे मूत्रपिंडात आणि इतर अवयवांत साचतात. माणसाच्या सांध्यांत युरिक ॲसिड साचून होतो तसा गाऊट, पण आतल्या अवयवांत, आणि बहुतेक वेळा जिवावर बेतणारा. उंदीर म्हणजे प्रथिनांचा गोळाच. तहानेने सुकलेल्या सापाला तो दिला की मूत्रपिंडांवर नेमका तोच भार पडतो जो त्यांना पेलवत नाही. काही अँटिबायोटिक्सही मूत्रपिंडांना जड जातात, म्हणून चांगला पशुवैद्य औषधांआधी शरीरातलं पाणी भरून काढतो.

नागपंचमीला साप दूध पितो असं का दिसायचं, याचंही उत्तर यातच आहे. गारुडी सापाला अनेक दिवस पाण्यावाचून ठेवत. मग समोर कुठलाही द्रव आला की तो जीव प्यायचाच. दूध त्याला पचत नाही. लहानपणी मीही वाटी पुढे केली होती. केशरची सुरकुतलेली कातडी पाहताना मला ती वाटी आठवली आणि फार वाईट वाटलं.

पाणी द्यायचे मार्ग तीन. पहिला, स्वच्छ पाण्याचं भांडं कायम समोर. दुसरा, कोमट अंघोळ: झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात २८ ते ३० अंशांचं पाणी, सापाच्या अंगाच्या निम्म्या उंचीपर्यंतच, वीसेक मिनिटं, आणि आपण सगळा वेळ तिथेच बसायचं. अशक्त सापाला डोकं वर धरवत नाही, तो चार बोटं पाण्यातही बुडू शकतो. खूपच अशक्त असेल तर पाण्याऐवजी ओला, कोमट टॉवेल बरा. तिसरा मार्ग पशुवैद्याचा: सलाइन कातडीखाली किंवा पोटाच्या पोकळीत. केशरला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी कोमट केलेलं साधारण ५ मिली सलाइन टोचलं. एका मोठ्या चमच्याहूनही कमी, पण एवढ्याशा शरीराला ते पुष्कळ होतं. आठव्या दिवशी तिचं वजन २८१ ग्रॅम झालं. अजून अन्नाचा कणही पोटात गेला नव्हता. ते १६ ग्रॅम निव्वळ पाणी.

पशुवैद्य मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेलाच हवा. अमेरिकेत असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड ॲम्फिबियन व्हेटरिनेरियन्स ही संस्था आहे, तिच्या यादीतून जवळचा डॉक्टर शोधता येतो. पहिल्या भेटीत तोंड उघडून तपासणं, श्वासाचा आवाज ऐकणं आणि विष्ठेची तपासणी, एवढं तरी व्हायलाच हवं.

श्वासाचं विशेष सांगते. कॉर्न स्नेकचं काम उजव्या फुफ्फुसावर चालतं, डावं नावापुरतं असतं. त्याला आपल्यासारखा छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा नाही, त्यामुळे जोरात खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. थंडीत राहिलेल्या सापाला न्यूमोनिया झाला, की तो तोंड उघडं ठेवून, मान वर करून श्वास घेतो, नाकातोंडाशी फेस दिसतो. यात एक दिवसही वाया घालवू नये. हिरड्या लाल दिसल्या किंवा पनीरच्या चुऱ्यासारखा पू दिसला तर तोंडाचा संसर्ग आहे. सापाचा पू पातळ नसतो, घट्ट गोळा असतो, तो डॉक्टरलाच काढावा लागतो. केशरला हिरड्यांचा संसर्ग होता. सेफ्टाझिडिम नावाचं इंजेक्शन दर ७२ तासांनी द्यायचं होतं. सापाच्या शरीरातून औषध इतक्या सावकाश बाहेर पडतं की रोज टोचायची गरजच नसते. चार-पाच डोसांनंतर हिरड्या गुलाबी दिसू लागल्या तरी कोर्स पूर्णच करायचा.

आणि मग जेवण.

दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून आणि युद्धकैदेतून सुटलेल्या काही माणसांना पोटभर जेवण मिळालं आणि त्यानंतरच त्यांचा मृत्यू झाला. वैद्यकशास्त्राने त्यातून जे ओळखलं त्याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दीर्घ उपासात पेशींमधला फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमचा साठा संपत आलेला असतो. रक्तात त्यांचं प्रमाण मात्र कसंबसं सांभाळलेलं असतं, त्यामुळे वरवर सगळं ठीक वाटतं. अचानक भरपूर अन्न आलं की इन्सुलिन वाढतं आणि पेशी रक्तातले हे क्षार घाईने आत ओढून घेतात. रक्तातली पातळी कोसळते. हृदयाला आकुंचन पावायला हेच क्षार लागतात. सापातही हाच धोका असतो. शिवाय त्याची आतडी उपासात आक्रसलेली असतात, पुन्हा कामाला लागायलाही त्यांना मोठी शक्ती खर्च करावी लागते.

आईला हे समजावलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हणजे लंघन झाल्यावर पेज देतो तसंच की." अगदी तसंच. तापातून उठलेल्या माणसाला आपण पहिल्या दिवशी पुरणपोळी वाढत नाही.

सापाची पेज म्हणजे पिंकी किंवा फझी, म्हणजेच उंदराचं नुकतंच जन्मलेलं किंवा काही दिवसांचं पिल्लू. हाडं मऊ, केस जवळजवळ नाहीत, पचायला हलकं. ही पिल्लं गोठवलेली विकत मिळतात. कोमट पाण्यात पूर्ण वितळवून चिमट्याने द्यायची. जिवंत उंदीर देऊ नये, अशक्त सापाला उंदीरच चावून जखमी करतो. केशरएवढ्या निरोगी सापाला एरवी वीसेक ग्रॅमचा उंदीर चालला असता. मी नवव्या दिवशी दिली ती ४ ग्रॅमची एक फझी. तिने ती घ्यायला चाळीस मिनिटं लावली. मी दिवा मालवून दाराआड उभी होते.

मात्रा ठरवताना आत्ताचं वजन धरायचं, पूर्वी असेल ते नाही. पहिल्या तीन-चार जेवणांत नेहमीच्या पाव भागापासून सुरुवात, मध्ये पाच-सहा दिवसांचं अंतर, आणि प्रत्येक वेळी विष्ठा नीट झाल्यावरच पुढचा घास. जेवणानंतर निदान ४८ तास हात लावायचा नाही.

इथे माझी चूक झाली. तीन जेवणं छान पचली म्हणून चौथ्या वेळी मी थेट १२ ग्रॅमचं पिल्लू दिलं. तिसऱ्या दिवशी ते अर्धवट पचलेलं, दुर्गंधी सुटलेलं बाहेर आलं. सापाचं ओकणं आपल्या उलटीसारखं किरकोळ नसतं. पोटातलं आम्ल आणि क्षार त्याबरोबर निघून जातात, अन्ननलिका भाजते. लगेच पुन्हा भरवलं तर पुन्हा ओकतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी अनेक साप हाती लागत नाहीत. त्यानंतर १४ दिवस फक्त पाणी आणि ऊब. रोज टाकीजवळ जाऊन परत यायचं, हे दोन आठवडे मला फार जड गेले. मग पुन्हा एका पिंकीपासून सुरुवात.

वारंवार ओकणाऱ्या सापाच्या अंगाच्या मध्यावर फुगवटा दिसत असेल, तर क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची तपासणी करून घ्या. तो जठराच्या भिंती जाड करतो, साप खात असूनही खंगत जातो, आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. अशा सापाला वेदनारहित मरण देणं हा निर्णय डॉक्टर सुचवतात, आणि तो सापाच्याच भल्याचा असतो. या परजीवीमुळेच नवीन सापाला घरातल्या इतर सापांपासून निदान ९० दिवस वेगळं ठेवायचं. वेगळी खोली, वेगळे चिमटे, वेगळी भांडी, आणि त्याचं काम दिवसात सगळ्यात शेवटी.

हात साबणाने धुणं तर प्रत्येक वेळी. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालची मुलं आणि ६५ वर्षांवरची माणसं यांनी सापाला हात लावू नये, असा अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. आई सत्तरीची, म्हणून तिची आणि केशरची भेट काचेपलीकडूनच होत राहिली.

बरं होत असलेला साप नेहमीपेक्षा लवकर लवकर कात टाकतो. डोळे आधी निळसर-दुधाळ होतात, काही दिवसांनी पुन्हा स्वच्छ होतात आणि मग कात निघते. शरीर कोरडं असेल तर ती तुकड्यातुकड्यांत अडकते. शेपटीच्या टोकाला राहिलेली कडी रक्तपुरवठा तोडू शकते. डोळ्यावरची पारदर्शक टोपी राहिली तर नखाने ओढू नका, खालचा डोळा कायमचा जाऊ शकतो. ओलसर शेवाळ भरलेला एक डबा टाकीत ठेवा, साप आपणहून त्यात जाऊन बसतो. केशरची पहिली कात सतरा तुकड्यांत निघाली, दुसरी दोन तुकड्यांत. तिसरी अखंड होती, डोळ्यांच्या दोन्ही टोप्यांसकट.

मी दर रविवारी स्वयंपाकघरातल्यासारख्याच, पण फक्त तिच्यासाठी ठेवलेल्या डिजिटल काट्यावर तिचं वजन करते. वहीत तारीख, वजन, काय खाल्लं, विष्ठा झाली का, एवढंच लिहायचं. डोळ्यांना रोज पाहून फरक कळत नाही, वही पाहिली की कळतो. तीन महिन्यांनी ३३५, सहा महिन्यांनी ४४०. पाठ आता गोलसर लागते. मणके शोधावे लागतात.

आता काळजी उलटी घ्यावी लागते. बरा झालेला साप दिसेल ते खातो, आणि आपल्यालाही भरवण्याची सवय लागलेली असते. जाड झालेल्या कॉर्न स्नेकच्या यकृतात चरबी साठते आणि आयुष्य कमी होतं. म्हणून केशरला आता दर बारा दिवसांनी एकच मध्यम उंदीर मिळतो, आणि आई पुण्याहून फोनवर विचारते तेव्हा मी तिला तारीख वाचून दाखवते.